साखर बंद केली की गाठ उपाशी मरते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकसष्ट वर्षांच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला आहे, केमोचे दोन डोस झाले आहेत. पेट स्कॅनच्या वेळी तिथल्या माणसानं समजावून सांगितलं, "साखरेचं इंजेक्शन देतो. कॅन्सर साखर खातो, म्हणून गाठ चमकते." घरी आल्यावर ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांत पसरली आणि दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर बंद झाली. मग केळी, चिकू, मग भात, आणि शेवटी भाकरीसुद्धा. सहा आठवड्यांत वजन ५६ वरून ५१ किलोवर आलं आहे. मुलगा विचारतो आहे की कॅन्सरची पेशी साखर नेमकी कशी वापरते, आणि साखर तोडल्यानं ती खरंच मरते का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. नाही मरत. भाकरी आज रात्रीपासून सुरू करा, भातही. सहा आठवड्यांत पाच किलो म्हणजे जवळजवळ ९ टक्के वजन गेलं. सहा महिन्यांत ५ टक्के गेलं तरी आम्ही डॉक्टर मंडळी सावध होतो. पुढच्या डोसाच्या आधी हे वजन तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. केमोचा डोस उंची आणि वजन धरून काढलेला असतो, त्यासाठीही ते त्यांना कळायला हवं.

आता पहिला प्रश्न. मी बावीस वर्षं केमो देते आहे आणि ओपीडीत हा विषय निघाला नाही असा आठवडा गेलेला नाही. तिथं मला पाच मिनिटं मिळतात, त्यात हे नीट सांगून होत नाही. इथं सांगते.

साखरेपासून ऊर्जा काढण्याचे आपल्या पेशींकडे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा पेशीच्या द्रवातच होतो, त्याला प्राणवायू लागत नाही. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात. दहा पायऱ्यांत त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, ते म्हणजे पायरुविक आम्ल. एवढ्या खटाटोपातून हाती लागतात दोन एटीपी. एटीपी म्हणजे पेशीचं चलन, शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. दुसरा टप्पा तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये होतो. तिथं प्राणवायूच्या मदतीनं पायरुविक आम्ल पूर्ण जळतं आणि एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ एटीपी मिळतात. माझ्या विद्यार्थिदशेत हा आकडा ३६ किंवा ३८ असा घोकून घेतला जायचा, आता तो खाली आला आहे.

प्राणवायू कमी पडला तर दुसरा टप्पा अडतो आणि पायरुविक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होतं. चारशे मीटर जीव तोडून धावणाऱ्या मुलाच्या मांडीत हेच होतं. दुधाला विरजण लावल्यावर भांड्यातही हेच होतं: विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि दही आंबट होतं. थोडक्यात, साखर जाळता येते तशी आंबवताही येते. जाळली तर भरपूर ऊर्जा मिळते, आंबवली तर थोडीशी.

बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेत ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात उंदरांच्या गाठींच्या चकत्या कापल्या. चकत्या इतक्या पातळ की प्राणवायू आरपार पोचावा. त्या काचेच्या छोट्या चंबूत ग्लुकोजच्या पाण्यात ठेवल्या, चंबू कोमट पाण्यात हलवत राहिले आणि आतल्या वायूचा दाब किती बदलतो ते मोजत बसले. लॅक्टिक आम्ल तयार झालं की द्रावणातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दाब वाढतो, ही युक्ती. निरोगी अवयवांच्या बहुतेक चकत्या प्राणवायू मिळाला की आंबवणं जवळजवळ थांबवत. गाठीची चकती थांबवत नव्हती. प्राणवायू भरपूर असताना ती साखर ओढत होती आणि आंबवत होती. यालाच पुढे वॉरबर्ग परिणाम असं नाव पडलं.

हे फक्त काचेच्या चंबूत होतं की जिवंत शरीरातही, हे कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं अमेरिकेतल्या बफेलोमध्ये १९२५ साली तपासलं. मला हा प्रयोग फार आवडतो, इतका तो साधा आहे. कोंबडीच्या एका पंखात गाठ, दुसरा पंख निरोगी. दोन्ही पंखांतून परत येणारं रक्त घेतलं आणि ताडून पाहिलं. गाठीकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त होतं. दुसऱ्या कोणत्या कोंबडीशी तुलना करायची गरजच नाही, एकाच जिवाचे दोन हात.

इथपर्यंतचं सगळं खरं आहे आणि आजही टिकून आहे. घोळ झाला तो पुढे. वॉरबर्ग यांनी निष्कर्ष काढला की पेशीची तंतुकणिका बिघडते, तिला श्वास घेता येत नाही, म्हणून ती आंबवण्याच्या आसऱ्याला जाते आणि त्यामुळेच कॅन्सर होतो. ते हे मत १९७० साली वारले तोपर्यंत धरून होते. पण बहुतेक गाठींमध्ये तंतुकणिका धडधाकट असतात. अनेक गाठींत एटीपीचा मोठा वाटा त्यांच्यातूनच येतो. प्रयोगशाळेत त्यांचं काम पाडलं तर पुष्कळ गाठी वाढेनाशा होतात. म्हणजे कॅन्सरची पेशी साखर आंबवतेही आणि जाळतेही, दोन्ही चुली एकदम पेटलेल्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या निरोपाबद्दल इथंच सांगते. "वॉरबर्ग यांना १९३१ साली कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, कॅन्सर आम्लात वाढतो, म्हणून खाण्याचा सोडा घ्या." नोबेल त्यांना मिळालं, पण पेशींच्या श्वसनातल्या एंझाइमचं स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. कॅन्सरच्या कारणासाठी नव्हे. गाठीभोवती आम्लता वाढते हे खरं, पण ती गाठीनं सोडलेल्या लॅक्टिक आम्लामुळे, म्हणजे ती गाठीची करणी आहे. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात धरून ठेवतात. लिंबू पिऊन किंवा चमचाभर सोड्यानं तो हलत नाही. पण रोज सोडा घेतला तर सोडियम वाढतं, पोट फुगतं, आणि ज्याचं मूत्रपिंड आधीच केमोनं थकलंय त्याला ते फार महागात पडतं. तुमच्या आईला कुणी देत असेल तर बंद करा.

मग दोन्ही चुली धड असताना पेशी बत्तीसचा माल दोनाला का विकते? शंभर वर्षं लोक यावर डोकं लावत आहेत. आज जे उत्तर मला सगळ्यात पटतं, ते समजायला स्लॅब टाकण्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा.

खाली मिक्सर फिरतोय, वर सळया बांधलेल्या, आणि शिडीवर माणसांची रांग. भरलेली घमेली वर जातात, रिकामी खाली येतात. स्लॅब एका दमात व्हायला हवा, मध्ये थांबला तर सांधा राहतो. अशा दिवशी सिमेंट कमी पडत नाही, खडी कमी पडत नाही. कमी पडतात रिकामी घमेली. वर घमेलं ओतून झालं नाही, तर खाली भरायला काही उरत नाही आणि मिक्सर चालू असूनही काम ठप्प.

पेशीतही अशी घमेली असतात. त्या रेणूचं नाव एनएडी. साखर फोडताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो या घमेल्यात भरला जातो. घमेलं भरलेलं राहिलं तर साखर फोडण्याची रांग तिथंच अडते. नवीन पेशी बांधायलाही रिकामी घमेली लागतात. ती रिकामी करण्याचं काम तंतुकणिका करते, पण ती एटीपीच्या मागणीच्या वेगानंच करते. पेशीकडे एटीपी पुरेसं असेल तर ती मंद चालते. मात्र पायरुविक आम्लाचं लॅक्टिक आम्ल केलं की घमेलं तत्क्षणी रिकामं होतं. पेशीला घाई असते ती या घमेल्यांची. लॅक्टिक आम्ल बाहेर टाकणं म्हणजे वेगासाठी मोजलेली किंमत. साखर स्वस्त आहे, रक्तातून अखंड येते आहे, मग उधळपट्टी परवडते.

दुसरं, साखरेचा थोडा भाग जळत नाही आणि आंबतही नाही. वाटेतच तो वळवला जातो आणि बांधकामात जातो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनए दुप्पट हवा, त्याच्या सांगाड्यात लागणारी पाच कार्बनची साखर ग्लुकोजपासून बनते. पेशीच्या पडद्यातल्या चरबीचा कणा, काही अमिनो आम्लं, यांचाही माल तिथूनच येतो. पण नव्या पेशीचं वजन भरतं ते मुख्यतः अमिनो आम्लांनी, म्हणजे प्रथिनांच्या विटांनी. ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल तर पुष्कळ गाठी साखरेइतक्याच हावरटपणे ओढतात. प्रोस्टेटच्या गाठी बऱ्याचदा चरबीवर भागवतात. काही गाठींमध्ये प्राणवायू कमी असलेल्या भागातल्या पेशी लॅक्टिक आम्ल सोडतात आणि रक्तवाहिनीजवळच्या पेशी तेच उचलून जाळतात. एकाची राख दुसऱ्याचं सरपण. साखरेची एक नळी बंद केल्यानं ही पेशी कोंडीत सापडत नाही, कारण तिला एकाच नळीची सवय नसते.

आणि हे सगळं फक्त कॅन्सरच करतो असंही नाही. जंतू आल्यावर भराभर वाढणारी आपली पांढरी पेशी असंच साखर आंबवते. गर्भाच्या पेशी करतात. डोळ्याचा पडदा आयुष्यभर करतो. तांबड्या रक्तपेशीला तर तंतुकणिकाच नसते, ती जन्मभर नुसत्या आंबवण्यावर जगते. फरक हा की निरोगी पेशीला "आता वाढ" असा निरोप बाहेरून यावा लागतो आणि काम झालं की ती थांबते. कॅन्सरमध्ये हा निरोप आतच अडकून बसलेला असतो, दारावरची घंटा दाबलेली राहावी तसा. इन्सुलिनचा निरोप आत नेणारी पीआय-३-के नावाची साखळी कायमची चालू पडते, मिक नावाचा जीन जास्त बोलू लागतो, पी-५३ हा लगाम तुटतो. मग पेशीच्या पडद्यावर ग्लुकोज आत घेणारे ग्लुट-१ नावाचे दरवाजे भराभर वाढतात. गाठीच्या आत प्राणवायू कमी पडला की हिफ नावाचं प्रथिन उठतं आणि आंबवण्याची यंत्रसामग्री आणखी वाढवतं. पेशीला प्राणवायूची कमतरता कशी कळते हे उलगडल्याबद्दल २०१९ सालचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं. मूत्रपिंडाच्या एका प्रकारच्या कर्करोगात हा हिफ प्राणवायू असतानाही चालूच राहतो आणि आता त्याला अडवणारी गोळीही आली आहे.

त्या दरवाजांविषयी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, तुमच्या आईच्या ताटाचा प्रश्न तिथंच सुटतो. ग्लुट-१ रक्तातली साखर बरीच खाली असतानाही पोटभर साखर आत ओढतो. उपाशीपोटी आईची साखर ९० असेल आणि सगळं गोड, भात, भाकरी तोडून तुम्ही ती ७८ वर आणलीत, तर त्या दरवाजाला फारसा फरक कळत नाही. आणि ७०च्या फार खाली तुम्ही ती नेऊच शकत नाही, कारण आपलं यकृत ते होऊ देत नाही. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. ताटातून आलं नाही तर यकृत आधी स्वतःच्या साठ्यातून देतं, तो साठा जेमतेम दिवसभराचा. मग ते स्नायू मोडून आलेल्या अमिनो आम्लांतून साखर बनवतं. आईच्या दंडावरचं आणि मांडीवरचं मांस वितळून त्याची साखर होते आणि ती साखर गाठीलाही पोचते.

त्यात भर म्हणजे गाठीनं टाकलेलं लॅक्टिक आम्ल रक्तातून यकृतात जातं आणि यकृत त्याची पुन्हा साखर करतं. हे चक्रही त्या कोरी दांपत्यानंच शोधलं. गाठीनं दोन एटीपी कमावले, ते पुन्हा साखर करायला यकृतानं सहा खर्च केले. मोठी गाठ असलेल्या माणसाच्या अंगात हा तोट्याचा व्यवहार दिवसरात्र चालू असतो. अशा शरीराचा शिधा तोडणं म्हणजे काय हे सांगायला एक गोष्ट पुरे आहे.

काही वर्षांपूर्वी एक ऊस बागायतदार गालाच्या कर्करोगासाठी माझ्याकडे होते. ऑपरेशन झालं होतं, मग लाईट (म्हणजे रेडिएशन) आणि केमो एकत्र चालू झालं. तिसऱ्या आठवड्यात ते फारच ओढलेले दिसले. काट्यावर उभं केलं, ५८ चे ४९ किलो झाले होते. तोंड आलेलं असणारच, पण एवढी घट त्यानं होत नाही. खोदून विचारलं तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या की गावात एकानं सांगितलं, म्हणून गेला महिनाभर भात, भाकरी, दूध, फळं सगळं बंद आहे, फक्त कारल्याचा रस आणि काकडी. ते स्वतः खाली बघत म्हणाले, "डॉक्टर, आयुष्यभर ऊसच लावला. म्हटलं तोच अंगात भरला असंल." त्या माणसाच्या मनात हे इतके दिवस ठसठसत होतं आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचा रोग तंबाखूनं झालेला, उसानं नव्हे, हे मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं. नऊ दिवस लाईट थांबवावा लागला, नाकातून नळी घालावी लागली. गालाच्या, जिभेच्या कर्करोगात लाईट मध्येच थांबणं किती वाईट हे त्या क्षेत्रातला कुणीही सांगेल, मधल्या सुट्टीत उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. नळीतून पेज, दूध, अंडं असं जायला लागल्यावर ते सावरले आणि लाईट पुरा झाला. पण ते नऊ दिवस मला आजही डाचतात.

आता पेट स्कॅनबद्दल, कारण तुमच्या घरातली भीती तिथून सुरू झाली. तिथल्या माणसानं सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. इंजेक्शनमध्ये असतं एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखाच रेणू, फक्त एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेलं. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पहिल्या पायरीवर त्याला फॉस्फेट चिकटवते, आणि मग फसते. हा रेणू पुढच्या पायरीवर जाऊ शकत नाही आणि फॉस्फेट लागल्यामुळे बाहेरही पडू शकत नाही. जिथं साखर जास्त ओढली जाते तिथं तो साचतो आणि यंत्राला दिसतो. माणसाला हे पहिल्यांदा १९७६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिलं गेलं. त्या फ्लोरिनचा किरणोत्सार दर ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात त्याच दिवशी बनवून गाडीनं धावत पोचवावं लागतं. आपल्या देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. त्याआधी आम्ही हे चित्र पुस्तकातच बघायचो.

इंजेक्शनमधलं "साखरेचं" प्रमाण नगण्य असतं, साखरेच्या एका दाण्यापेक्षाही कमी. त्यानं गाठ वाढत नाही. आणि चमकलं म्हणजे कॅन्सर, असंही नसतं. आईचा स्कॅन पुन्हा समोर धरा. सगळ्यात झगझगीत मेंदू दिसेल, कारण तो साखरेवरच चालतो. मूत्राशय दिसेल, कारण औषध लघवीतून जातं. हृदयही बऱ्याचदा दिसतं. वाट बघताना रुग्ण बडबडत बसला तर घशाचे स्नायू उजळतात, म्हणून त्या खोलीत बोलू देत नाहीत. आणि आपल्याकडे क्षयाच्या गाठी इतक्या चमकतात की भल्याभल्यांची फसगत होते. छातीतल्या चमकणाऱ्या गाठीतून तुकडा काढून तपासला आणि टीबी निघाला, अशी उदाहरणं माझ्याकडे कितीतरी आहेत. उलट प्रोस्टेटचे, यकृताचे काही कर्करोग असूनही फारसे उजळत नाहीत. २०२१ साली उंदरांच्या गाठींवरच्या एका अभ्यासात तर असं दिसलं की गाठीच्या आत पेशीगणिक सर्वांत जास्त ग्लुकोज ओढतात त्या तिथं शिरलेल्या काही प्रतिकार-पेशी, आणि कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिन जास्त ओढतात. म्हणजे तो उजेड सगळा कॅन्सरचा नसतो.

तुम्ही विचाराल, मग उपाशी मारण्याची कल्पनाच चुकीची का? मुळीच नाही. केमोथेरपीची सुरुवातच तिथून झाली. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक आम्ल दिलं, तर रोग भडकल्यासारखा दिसला. तेव्हा त्यांनी उलट विचार केला: फॉलिक आम्लाची वाट अडवली तर? तसं औषध बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हेच सुब्बाराव १९२९ साली एटीपी शोधणाऱ्यांपैकीही एक. १९४८ साली फार्बर यांनी त्या औषधानं मुलांचा रोग काही काळ ओसरल्याचं जाहीर केलं. त्याचं धाकटं भावंड मेथोट्रेक्सेट आम्ही आजही देतो. लहान मुलांच्या ल्युकेमियात अ‍ॅस्पॅरॅजिनेज देतो, तेही उपाशी मारणंच. त्या पेशींना अ‍ॅस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल स्वतःला पुरेल इतकं बनवता येत नाही, निरोगी पेशींना येतं, म्हणून रक्तातलं ते संपवलं की नेमक्या त्याच पेशी मरतात. मेंदूच्या काही गाठींत आयडीएच नावाचं एंझाइम बिघडलेलं असतं, त्याला अडवणारी औषधं आली आहेत. हे सगळं जमलं कारण नेमकं काय तोडायचं ते सापडलं होतं.

साखरेच्या बाबतीत तसं सापडलेलं नाही, कारण साखर सगळ्यांनाच लागते. ग्लुकोजची वाट अडवणारं डीऑक्सिग्लुकोज देऊन पाहिलं, मेंदूसकट सगळं शरीर कुरकुरायला लागलं. २००७ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून डायक्लोरोअ‍ॅसिटेटची आशादायक बातमी आली, उंदरांवरची. लोकांनी ते रसायन इंटरनेटवरून मागवून घरी घ्यायला सुरुवात केली, त्यानं मज्जातंतूंना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन मधुमेह नसलेल्या ३,६४९ स्तन कर्करोगाच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत पाहिलं गेलं. २०२२ साली निकाल आला, रोग परत येणं त्यानं टळलं नाही. तुमच्या आईला मधुमेह नसेल आणि कुणी "कॅन्सरसाठी" म्हणून ती गोळी सुचवली असेल, तर हे सांगा.

तरीही साखरेला मी सरसकट निर्दोष सोडणार नाही. लठ्ठपणामुळे इन्सुलिन चढं राहतं आणि दारावरची ती घंटा दाबणारा एक हात इन्सुलिनचाही असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली १३ प्रकारच्या कर्करोगांचा अतिरिक्त वजनाशी संबंध मान्य केला, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग त्यातलाच. म्हणून उपचार संपल्यावर, वजन आणि तब्येत पूर्ववत झाल्यावर, शीतपेयं, मिठाई, रोजची बिस्किटं कमी करा असं मी नक्की सांगते. पण तो पुढच्या वर्षाचा सल्ला आहे. आता केमोबरोबर आईला डेक्सामेथासोनही मिळत असेल. ते स्टिरॉइड आहे, त्यानं साखर दोन-तीन दिवस चढते. आईला मधुमेह असेल तर त्या दिवसांत घरी तपासा आणि २५०-३०० दिसली तर फोन करा, कारण केमोनं पुढे पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साखर चढी राहिली तर जंतुसंसर्ग पटकन होतो. गोळ्या-इन्सुलिन वाढवून ती साखर आटोक्यात येते, जेवण तोडून नव्हे.

गूळ चालतो का, मध चालतो का, असंही घरात विचारलं असेलच. पोटात गेल्यावर गूळ, मध, साखर, भात यांचं शेवटी बरंचसं ग्लुकोजच होतं. साखरेऐवजी गूळ घेऊन कॅन्सर फसत नाही. आवडत असेल तर घाला. चहातल्या दोन चमचे साखरेचे ४० कॅलरी होतात, तिला त्या चहानं जरा बरं वाटत असेल तर तो द्या.

५१ किलोच्या बाईला दिवसाला साधारण १,३०० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. खरी ओढाताण प्रथिनांची होते, कॅलरींची भातानं भागते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच. आई अंडं खात नसेल तर पनीर, दही, मुगाची मऊ खिचडी वर तूप सोडून, भाजीत आणि कोशिंबिरीत शेंगदाण्याचा कूट सढळ हातानं. तोंड आलं असेल तर नाचणीची आंबील, तिखट नको. एकदम ताट वाढू नका, दर दोन-अडीच तासांनी वाटीभर. केमोनंतरचे तीन-चार दिवस खाणं उतरेल, तेव्हा आग्रह करून रडवू नका, चौथ्या-पाचव्या दिवसापासून ओढून भरून काढा. वजन दर सोमवारी सकाळी, एकाच काट्यावर, वहीत लिहून.

पुढचा पेट स्कॅन होईल तेव्हा आदल्या दिवशी दमवणारं काम नको, जिने नकोत, नाहीतर मांड्याच उजळतील. सहा तास आधीपासून फक्त साधं पाणी. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांची वेळ आधी विचारून घ्या, कारण स्कॅनच्या तोंडावर घेतलेलं इन्सुलिन सगळं एफडीजी स्नायूंत ढकलतं आणि स्कॅन वाया जातो. अंगावर शाल असू द्या. स्कॅननंतर त्या दिवशी लहान नातवंडांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला आईपासून जरा लांब ठेवा. आणि डब्यात शिरा घेऊन जा. स्कॅन संपून ती बाहेर आली आणि तिथल्या लोकांनी खायला हरकत नाही म्हटलं, की बाकावर बसवून लगेच खायला द्या, तोवर तिला चांगलीच भूक लागलेली असते.